विनुताचा स्मोकर आणि घरचे पुरुष

विनुताला राग येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिला कधी जवळून पाहिलेलंच नाही. ती कायम रागातच असते. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत टेबलामागे बसून आणि घरी शेगडीपुढे उभं राहून तो गिळायची तिला सवय झाली होती, इतकंच.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या तिच्या सासरच्या मराठा घराची एक रीत होती. भात, रस्सा, वडे, सगळं बायकांनी रांधायचं. पण परसात विस्तवावर मांस भाजायचं ते पुरुषांनी. कधीकाळी पणजोबा शिकारीला जात म्हणे. आताच्या पुरुषांना घरातला उंदीर मारायलाही बाहेरचा माणूस लागतो, पण रीत मात्र शाबूत!

त्या रीतीवर कडी म्हणून विनुतानं पेलेट स्मोकर, म्हणजे लाकडी कांड्यांच्या धुरावर मांस शिजवायचं यंत्र, घेतला. तो निवडायला तिनं कित्येक महिने घालवले. जाड पत्र्याचा हवा, कारण पातळ पत्रा पावसाळी वाऱ्यात ऊब धरत नाही. कांड्यांच्या पेटीचं झाकण घट्ट हवं, कारण कावेरीकाठच्या दमट हवेत कांड्या फुगतात आणि त्यांचं पीठ होतं. पंखा बिघडला तर त्रिचीत तरी दुरुस्त व्हायला हवा. यंत्र तसं साधं. फळझाडांच्या लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या कांड्या पेटीतून हळूहळू आगीत सरकतात, पंखा वारा घालतो आणि मांस जाळावर न भाजता धुरात सावकाश शिजतं. आल्यागेल्याला मात्र तिचा नवरा अनिरुद्धराव सांगायचा, "मीच पसंत केला." विनुता दातओठ खाऊन गप्प बसायची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळी भावकी जेवायला येणार होती. त्यात अनिरुद्धरावाची चुलतबहीण महालक्ष्मीअक्का होती. मुलीच्या लग्नानंतरच्या सामिष जेवणाचं काम ती विनुताला देणार होती, पण आधी चव बघून. ते मिळालं असतं तर विनुताचं स्वतःच्या नावाचं काहीतरी सुरू झालं असतं. ते तिला फार हवं होतं.

पहाटेच तिनं मिरी-आलं चोळलेल्या बकऱ्याच्या मांड्या आत ठेवल्या, उष्णता ठरवली, पेटी भरली. आता दुपारपर्यंत काही करायचं नव्हतं, आणि नेमकं तेच त्या घरच्या पुरुषांना जमत नाही. पाहुणे येताच अनिरुद्धरावानं तिला कॉफी करायला आत पिटाळलं, आणि थोरले दीर शिवराजअण्णा यंत्रापाशी येऊन उभे राहिले.

त्यांना जाळ दिसेना. जाळ नाही म्हणजे यंत्र झोपलंय, असं त्यांनी ठरवून टाकलं. येईल त्याला दाखवायला ते झाकण उघडत राहिले आणि आतली ऊब परसभर उधळत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या भातगिरणीतून बॉयलरात जाळायच्या कांड्यांचं पोतं मागवलं आणि पेटीतल्या कांड्या उपसून त्यांच्या जागी ते रिकामं केलं. भाताचं तूस आणि प्लायवुडचा भुसा! त्या कांड्या खाण्याच्या वस्तूला चालत नाहीत, हे सांगून सांगून विनुताचं तोंड दुखलं होतं.

पिवळा, खवट धूर स्वयंपाकघरात शिरला तशी ती धावत बाहेर आली.

"अण्णा, काय घातलें ह्यांत?"

"सुम्मा, उगाच जराशा कांड्या गे. धूरच नव्हता. आता बघ कसा आलाय!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती काही करणार तोवर केळीची पानं मांडून झाली, माणसं बसली, आणि अण्णांनी मांस काढून स्वतःच्या हातानं वाढलंसुद्धा. पहिला घास तोंडात जाताच त्यांचा चेहरा वाकडा झाला. तो सावरून ते म्हणाले, "फस्ट क्लास!" मग सगळी पंगत फस्ट क्लास म्हणाली. अनिरुद्धरावही म्हणाला. एका मिशीचा पीळ उतरू नये म्हणून अख्खी पंगत प्लायवुडचा सरस आणि राख गिळत होती!

महालक्ष्मीअक्कानं मात्र घास पानाच्या कडेला काढून ठेवला.

"तुझें मशीन बरें नाही गे, विनुता," ती हळूच म्हणाली. "लग्नाला दुसरा कोण्ही बघतें."

"मशीन बरें अहे, अक्का. हें मी केलेंच नाही!"

"विनुता!" अनिरुद्धराव दबक्या आवाजात म्हणाला. "पाहुण्यांसमोर?"

"पाहुण्यांसमोरच!"

ती तरातरा पेटीपाशी गेली, गिरणीच्या कांड्या मूठभर उचलून आणल्या आणि अण्णांच्या पानात वाढल्या. "येवढें आवडलें तर हें पण घ्या, अण्णा. तुमच्याच गिरणीचें अहे."

महालक्ष्मीअक्कानं हात लांब करून एक कांडी उचलली, नाकाशी नेली आणि अण्णांकडे पाहिलं. अण्णा भात कालवत राहिले.

"तू केलेलें खायला किती वेळ लागेल?" तिनं विचारलं.

"सगळें धुवून काढायचें, नवीन मांस आणायचें. रात्र होईल, अक्का."

"होऊं दे. मी राहतें."

तेवढ्यात अण्णा पानावरून उठले आणि हात धुऊन थेट यंत्राकडे निघाले. मदत करायला की पुन्हा शहाणपण दाखवायला, देव जाणे.

"अण्णा, हात लावूं नका," विनुता म्हणाली. तिचा राग तसूभरही उतरला नव्हता. अण्णा जागच्या जागी थांबले. त्यांनी अनिरुद्धरावाकडे पाहिलं, पण तो पानातच बघत होता.