कधीकाकांचा एकच प्रश्न

कधीकाकांच्या प्रत्येक प्रश्नात ‘कधी’ असायचं, म्हणून हे नाव. ते मीच ठेवलं, याची आता लाज वाटते. नव्वदच्या दशकात ते रोह्याच्या एका कंपनीत बॉयलरवर होते. बायको गेलेली, घरात एकटेच. सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन एसटीने पेणला माझ्या खोलीवर यायचे, कारण मी शाळेत विज्ञान शिकवायचो.

“मास्तर, पाणी कधी संपतं नि मीठ कधी सुरू होतं?”

मी कागदावर संपृक्त द्रावण समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि मला ओढत खाडीकाठच्या मिठागरात नेलं. तिथला म्हातारा मीठ ओढता ओढता म्हणाला, “पाय घाला. टोचलं म्हंजे मीठ झालं.” काका चप्पल काढून खरंच उतरले.

मग पेणजवळच्या जोहे गावातला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. डोळे रेखणाऱ्या बाईंना त्यांनी विचारलं, “माती कधी संपते नि देव कधी सुरू होतो? डोळे काढले की?”

बाईंनी हातातला ब्रश थांबवला नाही. “नाय वो. हितं हाय तवर मातीच. ज्यानं घरी नेला, हाक मारली, त्याचा देव.”



पुढच्या खेपेला त्यांनी डबा उघडलाच नाही. म्हणाले, “बायको इस्पितळात होती. माझी पहिली शिफ्ट. पुढचा माणूस उशिरा आला, बॉयलर सोडून निघता येईना. पोचलो तर डॉक्टर म्हणाले, आत्ताच गेली. पण हात गरम होता. तो धरून तासभर बोललो तिच्याशी. जन्मात नाय बोललो येवढं. मास्तर, माणूस कधी संपतो? तवा ती होती का?”

इतके दिवस ते हेच विचारत होते, आणि मी त्यांची गंमत करत होतो.

“काका, शरीर गार व्हायला वेळ लागतोच,” मी म्हणालो. पुस्तकात तसंच होतं.

“बरोबर,” ते म्हणाले. डबा पिशवीत टाकला आणि चहाही न घेता स्टँडवर गेले. पुन्हा आले नाहीत. दोन महिन्यांनी मी रोह्याला गेलो तर खोलीला कुलूप. नोकरी सोडून कुठं गेले, शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. जोह्याच्या बाईंचं उत्तर मीही ऐकलं होतं, ते त्या दिवशी तोंडातून निघालं नाही, हे अजून सलतं.

मागच्या वर्षी माझी आई गेली. मी उशिरा पोचलो. तिचा हात गरम होता. का गरम आहे, ते मला पाठ होतं. तरी मी तिला हाक मारली आणि बोलत बसलो. शेवटी तिला कधीकाकांबद्दलही सांगितलं.