मुंगीएवढं अक्षर

मी सांगलीला कॉलेजात होते, तेव्हा दर आठवड्याला वडिलांचं पोस्टकार्ड यायचं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील, म्हणजे आमचे दादा, फौजेतून पेन्शनवर आलेले, अक्षर टपोरं. दुसऱ्या वर्षी ते बारीक होत गेलं. मला वाटलं, सांगायला खूप आहे म्हणून जागा वाचवतायत. मी ती कार्डं मैत्रिणींना कौतुकानं दाखवायचे. मग कार्डंच थांबली.

दिवाळीला खंडाळ्याकडच्या आमच्या गावी गेले, तर दादांचा हात थरथरत होता. कंपवात झाला होता, अक्षर बारीक झालं ते त्यानंच; गोळ्या सुरू होत्या. पण ते भिंतीकडे तोंड करून बसून असायचे, बोलत नव्हते.

आम्ही त्यांना मिरजेला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "जेवतात का?"

"जेवत्यात. पर दोन म्हयनं आमटीला नावं ठेवली न्हाईत," आई म्हणाली आणि रडायला लागली.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "या आजारात मनही खचतं. गोळ्यांनी उतार नाही. भूल देऊन डोक्याला विजेचे झटके देऊन बघू. चिरफाड नाही. हात थांबेल असं नाही, मन कदाचित सावरेल. थोडं विसरायला होईल."

"शॉक? आवं, त्यो काय येडा न्हाई," बरोबर आलेले माझे चुलते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू शिकल्याली. तूच सांग."

मी इतिहास शिकत होते. मला यातलं काय कळणार? मी दादांपुढे बसले आणि त्यांनाच विचारलं. तोवर कुणी विचारलं नव्हतं. भिंतीकडे बघतच ते म्हणाले, "करा."

तो होकार होता की कंटाळा, मला ठरवता आलं नाही. तरी डॉक्टरांना सांगितलं, दादा हो म्हणाले.

तीन आठवडे आई त्यांच्याजवळ राहिली. झटक्याच्या दिवशी सकाळी मी बसनं मिरजेला जायचे. शेवटी शेवटी एकदा दादांनी विचारलं, "आपुन हितं आलो कशात?"

"रेल्वेनं."

"आन मी व्हय म्हनलो?"

"तुम्हीच म्हणालात."

मी मान खाली घातली.

महिन्याभरानं वसतिगृहात कार्ड आलं. अक्षर मुंगीएवढंच होतं. खिडकीत उजेडाला धरून वाचलं: 'हात हलतोच आहे. तुझी आई आमटीत मीठ फार टाकते. तिला कळव, माझं ऐकत नाही.'

मी त्याच दिवशी आईला कळवलं.