ढोलकीवरचा बर्फ

चर्चमध्ये नाताळची सजावट चालली होती. येशू जन्मला त्या गोठ्याच्या देखाव्यात टेकडी हवी, म्हणून कोणीतरी ढोलकी उभी ठेवून तिच्यावर कापसाचा बर्फ पसरला आणि वर प्लास्टिकची मेंढरं मांडली. ढोलकी शांतवनमामांची. घरोघरी नाताळची गाणी, म्हणजे कॅरल्स, गात फिरताना इतकी वर्षं तीच वाजायची. यंदा कमिटीच्या सेक्रेटरींनी फर्मावलं, "मामा, या वर्षी कीबोर्ड. ढोलकीनं तमाशा वाटतो हो. कॅरल कशी कॅरलसारखी हवी."

कॅरलसारखी! या शहाण्याला कोण सांगणार, की तिकडच्या, युरोपातल्या कॅरल्स म्हणजे मुळात गावकऱ्यांनी फेर धरून गायलेली गाणी. चर्चमधलं लॅटिन ज्यांना कळत नसे, त्यांनी देवाला आपल्या बोलीत, आपल्या ठेक्यावर आणलं. तेव्हाही नाकं मुरडणारे सेक्रेटरी असतीलच. देव गोठ्यात उतरला, एवढाच त्या गाण्यांचा अर्थ. आणि आमची कमिटी त्याला तिथून उचलून थंड हवेच्या ठिकाणी न्यायला निघालीय. आमच्या गावानं बर्फ पाहिलाय तो फक्त उसाच्या रसात.

सेक्रेटरी कीबोर्डची वायर शोधत होते. मामा देखाव्यातल्या मेंढपाळांकडे बघत म्हणाले, "देवानं जन्माची पहिली बातमी या धनगरांनाच दिली ना? मग ते काय कीबोर्ड घेऊन आले होते?"

मामांनी वाकून ढोलकीवर थाप दिली. कापूस उडाला, मेंढरं जागच्या जागी नाचली. कमिटीपेक्षा त्या मेंढरांनाच कॅरल जास्त कळत होती.