माहेरच्या नावाचा रकाना

डॉ. सुहासिनी हेडाऊ यांच्या नावावर त्रेचाळीस शोधनिबंध होते. त्यांतला लोकांना ठाऊक असलेला एकच.

सुहासिनीबाई उमरेडच्या विणकराच्या घरातल्या. माहेरचं नाव रुख्मा निनावे. घरात दोन हातमाग, सहा माणसं, आणि शिकायचं वेड फक्त हिलाच. नागपूरला येऊन वसतिगृहात राहिली, शरीर रोगाशी कसं लढतं त्याचा अभ्यास केला, पीएच.डी. मिळवली. मग सक्करदऱ्याच्या ईश्वरदास हेडाऊ मास्तरांशी लग्न झालं. रीतीप्रमाणे नवरदेवानं ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं, आणि रुख्माची सुहासिनी झाली. तोवर पाच निबंध छापून आले होते. ते आजही कॉम्प्युटरवर वेगळ्याच बाईच्या नावे दिसतात. "ती रुख्मा निनावे बरी हुशार होती," असं सुहासिनीबाई विद्यार्थ्यांना गमतीनं म्हणायच्या.

बाकी एकतीस वर्षं एकाच संस्थेत गेली. आपल्या भागात सिकलसेलचा आजार पुष्कळ. त्यात लहानपणीच पाणथरी, म्हणजे प्लीहा, निकामी होते, आणि निमोनियाचे जंतू अंगात शिरले तर अडवायला कोणी उरत नाही. अशा मुलींचं रक्त काढायचं, त्यावरचं पिवळसर पाणी वेगळं करायचं, छोट्या नळ्यांत भरून उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवायचं, आणि त्यात लढणारी शक्ती किती आहे ते मोजायचं, हेच त्यांचं काम. लाइट गेले की सक्करदऱ्याहून निघून त्या फ्रीजर पाहायला जायच्या, मग घरी आरती अर्धी राहिली तरी चालायची. सासूबाई होत्या तोवर यावरून बोलून घ्यायच्या. पुढे त्याही दमल्या.

लोकांना ठाऊक असलेला तो निबंध २०१४ सालचा. सिकलसेलच्या अठ्ठावन्न विवाहित बाया त्यांनी तपासल्या. एकीच्याही कागदावर निमोनियाच्या लशीची नोंद नव्हती, तरी निम्म्याहून जास्त जणींच्या रक्तात भरपूर शक्ती निघाली. म्हणजे लहानपणीच्या आजारपणातून शरीर आपसूक तयार होतं, असा त्यांनी निष्कर्ष काढला. तो परदेशातल्या जर्नलनं छापला, पुष्कळांनी आपल्या लिखाणात उचलला. पुढे डॉक्टरांसाठीच्या एका पुस्तिकेतही ओळ आली, की या आजाराच्या मोठ्या बायांना लस नसली तरी चालेल.

निवृत्तीला दोन महिने उरले होते. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. सुहासिनीबाईंचा उपास होता, घट मांडून त्या आल्या होत्या, लिफ्ट बंद म्हणून तीन मजले चढल्या होत्या आणि गुडघा ठणकत होता. बेसा भागातून एक बाई तपासणीला आली होती. नाव रितिका, वय तेहेतीस, अठ्ठावन्नांतलीच एक. सोबत तिची आई जिजाबाई.

"मयुरे, हात पुढं कर ना वं, बाई थांबून राहिल्या," जिजाबाई म्हणाल्या.

सुहासिनीबाईंनी सुई थांबवली. "मयुरी कोण?"

"हेच ना, माही पोरगी. जावयानं लग्नात नाव बदललं. आमच्या तोंडातून काही जात नाही."

"आई, आता राहू दे ना," रितिका लाजली.

"काहून राहू देऊ? मी ठेवलं होतं नाव, पंचांग पाहून. आन् बाई, इची ती शाळेतली सुई तुमच्याच लोकांनी टोचली होती ना? दोन दिस ताप भरला होता. मी लई शिव्या देल्या होत्या तुम्हाले!"

सुहासिनीबाईंना हसू आलं नाही. रितिका गेल्यावर त्यांनी कपाटातलं २००३ सालचं रजिस्टर काढलं. तेव्हा संस्थेनं शाळांतल्या सिकलसेलच्या मुलींना निमोनियाची लस दिली होती. त्यात होती मयुरी, वय अकरा, पुढे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. शेवटच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पत्ता लागला नाही.'

पत्ता लागणार कसा? लग्नात पोरीचं नाव बदललं, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं, आडनाव बदललं, गाव बदललं. जन्मतारीख विचारली तर 'दिवाळीच्या आसपास.' अकरा वर्षांनी तीच पोर नवीन बाई म्हणून समोर बसली, आणि लस घेतली का विचारल्यावर नाही म्हणाली. शाळेतली सुई ही लस होती हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि लिहून घेणारी बाई स्वतः तांदळावरच्या नावानं सही करत होती. तिलाही फॉर्मवर माहेरच्या नावाचा रकाना ठेवायचं सुचलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी पूजा केली, पोथी वाचली, पण मन लागलं नाही. साबुदाण्याची उसळ ताटात तशीच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. "बाई, तुमचं माहेरचं नाव काय होतं?" एवढंच विचारायचं. एक म्हणाली, "थांबा, सासूबाई इथंच हायेत, बाहेर जाऊन सांगते." एकीनं नाव सांगितलं आणि रडायलाच लागली, की वीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. बुटीबोरीची एक म्हणाली, "मॅडम, सरकारी योजना हाय का? पैसे भेटतात का?" आणि नाही म्हटल्यावर फोन ठेवून दिला. पंधरा दिवसांत एक्केचाळीस जणी सापडल्या. त्यांतल्या एकोणतीस जणींना शाळेत लस मिळाली होती. रक्तात शक्ती निघाली होती ती त्यांच्याच. उरलेल्या बारा जणींच्या नळ्यांत तेव्हाही जवळजवळ काहीच नव्हतं.

उमरेडकडच्या एका घरी फोन सासूनं उचलला. "ते गेली ना बाई, दोन साल झाले. थंडीत छाती भरली, तीन दिवसांत आटोपलं." ही त्या बारांतली होती. त्या बाईला लस का दिली नाही, त्या डॉक्टरनं ती पुस्तिका वाचली होती का, हे आता कळणार नव्हतं. नाही कळलं, म्हणून सुटकाही नव्हती.

निबंध मागे घ्यायचा, असं त्यांनी भूपेशला सांगितलं. भूपेश त्यांचा विद्यार्थी, त्या निबंधावर दुसरं नाव त्याचंच. आता तोही शास्त्रज्ञ होता, आणि फेब्रुवारीत त्याच्या बढतीची मुलाखत होती.

"मॅडम, तुमचे दोन महिने राहिले. माझी तर वीस वर्षं आहेत."

"माहीत आहे रे."

"आपण खोटं थोडीच लिहिलं? जे दिसलं ते लिहिलं. एखादा नवा पेपर काढू. 'पुढील अभ्यासात वेगळे आढळले' असं टाकू. सगळे तसंच करतात."

"नव्या पेपरला दोन वर्षं लागतील. तोवर ती ओळ पुस्तिकेत राहील."

"तुम्ही घरी जाऊन पूजापाठ कराल, मॅडम. लोकांना तोंड इथं मला दाखवावं लागेल."

पोराचं बोलणं चुकीचं नव्हतं. पूर्वी त्या भांडल्या असत्या, आता भांडायचाही जीव उरला नव्हता. भूपेशनं माघारीच्या पत्रावर सही केली नाही आणि जाताना दार जोरात लावलं.

ईश्वरदास मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाटाणे सोलत होते.

"काहून एवढी हलकान होऊन राहिली, सुहास? मी इतक्या पोरायचे पेपर तपासले. चुकलं तर लाल शाईनं गोल करायचा, अजून काय?"

"तुम्ही दुसऱ्यांच्या पेपरवर करत होता."

"हे मात्र खरं." त्यांनी वाटाण्यांचा डबा पुढे सरकवला. "मग ते लोक निरोप समारंभात तुले शाल देतील का नाही?"

"नाही देणार बहुतेक."

"बरंच झालं. कपाटात जागा कुठं हाय."

सफला एकादशी झाली आणि त्यांनी पत्र पाठवलं, एकटीच्या सहीनं. देवासमोर कौल लावायचा विचार त्यांनी केला होता, मग स्वतःचीच लाज वाटली. उत्तर स्वच्छ दिसत असताना देवाला कशाला मध्ये घालायचं? जर्नलचं उत्तर संक्रांतीच्या आठवड्यात आलं. आभार मानले होते. निबंध मागे घेतला जाईल, एक लेखक सहमत नाही असं सोबत छापलं जाईल, चौकशीला पाच-सहा महिने लागतील. पुस्तिकावाल्यांनी कळवलं, जर्नलचं छापून आल्यावर पाहू. संस्थेच्या साहेबांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, मॅडम, जाता जाता कशाला हे. निरोपाच्या दिवशी चहा-समोसा झाला, भाषण झालं नाही. भूपेश आला, कोपऱ्यात उभा राहिला, वाकून नमस्कार करून गेला.

पण त्याआधीचे दहा दिवस सुहासिनीबाईंनी वाया घालवले नव्हते. कागदावरची ओळ पुसायला सहा महिने लागोत, लस टोचायला पाच मिनिटं लागतात. ओळखीच्या एका दवाखान्यातून त्यांनी लशीची सोय केली आणि सगळ्यांना पुन्हा फोन केले. जुनी लस घेतलेल्यांनाही आता दुसऱ्या सुईची गरज होती. पण आधी त्या बारांतल्या हयात अकरा जणींना बोलावलं. त्यांतल्या सहा आल्या. दोघींचे नवरे नाही म्हणाले, एक गावाला गेली होती, दोघींनी फोन उचलला नाही. एकोणतिसांतल्या अकरा आल्या. उरलेल्यांची नावं, दोन्ही नावं, त्यांनी दवाखान्याच्या सिस्टरकडे लिहून दिली. तिनं कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला. किती दिवस राहील कोण जाणे.

रितिका शेवटच्या दिवशी आली, या वेळी एकटीच. उजवी बाही वर करून स्टुलावर बसली आणि तोंड फिरवून घेतलं.

"दुखन का मॅडम?"

"दुखेल. दोन दिवस हात वर होणार नाही. पोळ्या दुसऱ्या कोणाला लाटायला सांग."

"कोणाले सांगू?" रितिका हसली. "घरात दुसरं हाय कोण?"

सुहासिनीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग तिचा उजवा हात सोडला, स्टूल फिरवलं आणि डाव्या दंडाला कापूस लावला.