आधी कोरा बघ

मी आज जो काही आहे तो बाबूमामांमुळे. म्हैसूरच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, आणि कोऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नसे. घराणं रंगाऱ्यांचं. त्यांचे आजोबा कापड रंगवताना त्याचाच एक कोरा तुकडा बाजूला ठेवायचे. रंग खरोखर किती चढला ते त्याच्याशी ताडून कळायचं. रंगकाम गेलं, मामांकडे सवय तेवढी उरली. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट हातात दिला की विचारायचे, “चांगल्या माणसाचं किती असतं?” सारात मीठ कमी आहे म्हणाले की मामी म्हणायच्या, “आधी कोरं पाणी पिऊन बघा, मग सांगा!”

मी नंजनगूडकडच्या शाळेतून आलेला, घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. इंग्रजी डोक्यावरून जायचं. सगळं सोडून कडकोळच्या कारखान्यात लागायचं मी ठरवलं होतं. मामांनी महिनोन्महिने तास संपल्यावर प्रयोगशाळा उघडी ठेवली आणि एकेक उपकरण मला आमच्या कानडी मिसळलेल्या मराठीत समजावलं. किरणोत्सर्ग मोजण्याच्या प्रयोगात मी घाईघाईने आकडे लिहून मोकळा झालो. मामांनी यंत्रासमोरचा नमुना उचलून कपाटात बंद केला. यंत्र तरीही टिकटिकत राहिलं.

“हे कुणाचं कणो? हे पण तुझ्या नमुन्याचंच काय? सुम्ने, उगाच आनंद करू नको. आधी कोरा बघ.”

त्या टिकटिकीतली काही थेट आकाशातून येते, हे मला त्यांनीच सांगितलं. तिच्याच मागे जात मी हिमालयातल्या एका दुर्बिणीपर्यंत पोचलो.

फार दूरचा एखादा तारा कोसळताना गॅमा किरणांचा स्फोट होतो. उपग्रहाकडून खबर आली की दुर्बीण तिकडे वळवायची आणि ते किरण हवेत आदळून जी क्षीण निळी चमक उठते, ती आरशांनी टिपायची. पण खबर यायची तेव्हा कधी आमच्याकडे दिवस असायचा, कधी ढग. वर्षं गेली, हाती काही लागलं नाही. निवृत्त झाल्यावर मामा हूटगळ्ळीला मुलाकडे राहायला गेले, पुढे अंथरुणाला खिळले. फोनवर प्रश्न तोच, “सापडला काय रे?”

एकदा खबर रात्री आली, आकाशही निरभ्र होतं, आणि चमका नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त दिसल्या. सकाळ होताच मी फोन लावला. मामांचा आवाज खोल गेलेला होता.

“कोरा बघितलास?”

“हो, मामा.”

बघितला नव्हता. त्यांनी त्या दिवशी शेजारीपाजारी साखर वाटायला लावली.

चार दिवसांनी शेजारच्या रिकाम्या आकाशाच्या नोंदी तपासल्या. तिथेही तितक्याच चमका होत्या. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून पत्र लिहिलं.

मामांच्या तेराव्याला गेलो तेव्हा त्यांच्या मुलाने ते पत्र माझ्या हातात ठेवलं. “वाचून दाखवलं नाही, अण्णा. खुशीत होते. राहू दे म्हटलं.” आमच्या दुर्बिणीला अजूनही काही सापडलेलं नाही. पत्र माझ्याजवळच आहे.

“ती. बाबूमामांना सा. नमस्कार.

स्फोट सापडला नाही. रिकाम्या आकाशातही तेवढंच होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी कोरा बघितला नव्हता, तरी हो म्हणालो. तुमच्याशी एकदाच खोटं बोललो, आणि तेही नेमकं यात. ज्यांना साखर दिली त्यांना मी स्वतः येऊन सांगेन. मामींना नमस्कार.

मला रागवायला फोन करा. वाट बघतो.”