बाळगुटीतला एक वळसा

नवरा गेल्यावर मला झोप येईना. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. मी त्या तीन वर्षं खाल्ल्या. डॉक्टरांचा दोष नाही, त्यांनी दहाच दिवस लिहिले होते.

आमचं घर शिंप्यांचं, इथे कन्नड मुलखात, चामराजपेटेत तीन पिढ्यांचं. कोपऱ्यावरचा औषधवाला नवऱ्याकडूनच शर्ट शिवून घ्यायचा. एकदा म्हणाला, "अक्का, ही चिठ्ठी फार जुनी झाली."

"मीही जुनी झाले, अण्णा. दे लवकर."

तो हसला आणि त्याने गोळ्या दिल्या. पुढे चिठ्ठी घड्यांवर फाटायला लागली, तेव्हा मी तिला मशीनवर प्लास्टिकचं पाकीट शिवलं.

एकीच्या दोन झाल्या. सकाळी डोकं ओल्या कापसासारखं जड. सारात मीठ दोनदा पडायचं. न्हाणीत पडून कपाळ फुटलं, तेव्हा मुलाला सांगितलं, साबणावरून पाय घसरला. दोन दिवस गोळी मिळाली नाही तर हात असे कापले की सुईत दोरा जाईना. माझ्या मते तो अशक्तपणा होता. दुपारीही एक घ्यायला लागले.

सून पुण्याची, कॉम्प्युटरच्या ऑफिसात. घरात आली तेव्हा म्हणाली, "आई, तुम्ही बोलता ते मराठीच आहे ना?"

"स्वल्प आहे," मी म्हटलं. ती हसली. आमचं बरं चाललं होतं.

नात सात महिन्यांची झाली आणि सून परत कामावर गेली. दिवसभर पोर माझ्याकडे. तिला दात येत होते. दुपारी गोळीने माझे डोळे मिटायचे आणि ही किंचाळायची.

बाळगुटी मी रोज द्यायचे. सहाणेवर वेखंडाचे दोन वळसे, हळकुंडाचा एक, जायफळाचा एक, वर चमचाभर दूध. माझी आई त्यात अफूचा कण घालायची. आम्ही भावंडं ओळीने झोपायचो आणि ती काजं करायची. आम्ही कोणी मेलो नाही. म्हणून मी माझी गोळी घेतली आणि जायफळासारखी सहाणेवर फिरवली. एक वळसा.

पोर झोपली. मीही झोपले. संध्याकाळी सून म्हणाली, "किती शहाणी झाली हो ही तुमच्याकडे!" दुसऱ्या दिवशी परत एक वळसा. असे आठ-दहा दिवस गेले.

जायफळ एका वळशात अंगचं थोडंसंच सोडतं. गोळी पाण्यात विरघळते. एवढं मला कळायला हवं होतं. जन्मभर उगाळत आले होते मी.

त्या दुपारी मला जाग आली ती शेजारच्या कन्नड अक्कांनी दार वाजवलं म्हणून. पोर पाळण्यात होती. अक्का तिला उचलायला गेल्या, तर मान मागे पडली. ओठांचा रंग गेला होता. श्वास यायचा, मग थांबायचा. मी सहाणेकडे पाहिलं. गोळीचा डाळीएवढा तुकडा उरला होता. सकाळी ती अख्खी काढली होती. मी एकदा उगाळल्याचं मला आठवत होतं. नंतर कधी उगाळली, किती वेळा, ते आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

अक्कांनी रिक्षा थांबवली, आपल्या सुनेला आमच्या सुनेच्या ऑफिसात फोन करायला सांगितलं आणि आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने विचारलं, "अज्जी, काय दिलंत हिला?"

"दूध."

"आणखी?"

"बाळगुटी. रोजचीच."

"पडली का कुठे? ताप होता?"

"नाही."

तिने नर्सला काहीतरी सांगितलं. पोरीला कुशीवर वळवलं, पाठीत सुई घालून पाणी काढणार होते, मेंदूत ताप शिरलाय का बघायला. अक्का माझ्याकडे बघत होत्या. मी भिंतीकडे बघत होते. मला वाटत होतं, आपोआप उठेल, रोज उठते. आणि खरं लिहायचं तर मला हेही वाटत होतं की सांगितलं तर माझ्या गोळ्या बंद होतील. पोर मरायला टेकली होती आणि माझ्या डोक्यात गोळ्या होत्या.

एवढ्यात पोरीचा श्वास थांबला. डॉक्टरने तिच्या तोंडावर रबराचा फुगा धरला आणि तो दाबायला लागली. तेव्हा मी बोलले. "झोपेची गोळी उगाळून दिली. माझी."

डॉक्टर माझ्यावर ओरडली नाही. हात न थांबवता म्हणाली, "कुठली? रिकामं पाकीट तरी आणा." ते माझ्या कमरेला खोचलेलंच होतं. नाव इंग्रजीत, मला कधी वाचता आलं नव्हतं. तिने एका नजरेत वाचलं.

दोन दिवस पोरीला नळ्या होत्या. तिसऱ्या दिवशी ती रडली. सून दारातच मला म्हणाली, "आई, तुम्ही आत येऊ नका." मी गेले नाही.

माझ्या गोळ्या त्याच डॉक्टरने हळूहळू कमी केल्या, एकदम तोडू नका म्हणाली. अर्धी, पाव, मग एक दिवसाआड. त्या महिन्यांत मी डोळे उघडे ठेवून पडायचे आणि जागेपणी मला सहाणेचा घासल्यासारखा आवाज यायचा. सहाण मी केव्हाच विहिरीत टाकली होती.

सुनेने पोरीला दिवसा अक्कांकडे ठेवलं. आमची भिंत एकच. दुपारी ती किंचाळायची ते मला ऐकू यायचं आणि बरं वाटायचं. रडतेय तोवर आहे. आवाज थांबला की मला बसवायचं नाही. मी अनवाणी जाऊन अक्कांचं दार ठोकायचे.

पहिल्या दिवशी अक्कांनी मला आत घेऊन दाखवलं. चौथ्या दिवशी त्यांनी दार अर्धंच उघडलं आणि म्हणाल्या, "झोपलीय हो अक्का, नुसती झोपलीय. कशाला उठवता तिला?"

"एकदा हलवा," मी म्हटलं. "माझ्यासमोर."