बेडकाच्या पाठीवरचं हळदीकुंकू

मुरुमजवळच्या एका गावात मी नववीला विज्ञान शिकवते, आणि त्याच गावची सून आहे. आजवर ही दोन्ही कामं मी बिनबोभाट केली. परवाच्या श्रावणात मात्र माझी चांगलीच जिरली.

बेडकाचा धडा चालू होता. फळ्यावर भलाथोरला बेडूक काढून मी एकेक नाव लिहीत होते. डोळ्यामागची गोल चकती म्हणजे कर्णपटल. डोळ्यावरून सरकणारी आरपार पापणी म्हणजे निमेषक पटल. उन्हाळाभर मातीत स्वतःला गाडून पडून राहणं म्हणजे ग्रीष्मनिद्रा. "मॅडम, लई अवघड नावं हायेत," पोरी कुरकुरल्या. त्वचीय श्वसन मात्र त्यांना आवडलं. बेडूक ओल्या कातडीनंसुद्धा श्वास घेतो, ती वाळली किंवा माखली की गुदमरतो, असं मी सांगितलं.

आमच्याच गल्लीतली एक पोरगी उठली. "मॅडम, मग धोंडीत आपण त्याला हळदीकुंकू लावतो ते?"

आमच्याकडं पावसानं ओढ दिली की धोंडी काढतात. मुसळाला कडुलिंबाचे डहाळे बांधायचे, त्यात बेडूक बांधायचा आणि दोघांनी खांद्यावर घेऊन दारोदार फिरवायचा. बायका त्यावर घागरभर पाणी ओततात, बेडकाला हळदीकुंकू लावतात. सोयाबीननं माना टाकल्या होत्या, तेव्हा यंदा धोंडी निघणार हे ठरलेलंच.

"यंदा मी सांगते ना सगळ्यांना," मी छातीठोकपणे म्हणाले. "पाणी ओता म्हणावं, पण त्याला काही फासू नका. आमच्या दारापासूनच सुरुवात करू."

पोरगी खुशीत खाली बसली. तिला ते खरंच वाटलं. मलाही वाटलं होतं.

रविवारी भर दुपारी धोंडी दारात आली. सासूबाईंनी ताट माझ्या हातात दिलं. "थोरली सून हायेस, तुझ्या हातनं होऊ दे."

"आत्या, पाणी ओतते मी. हळदीकुंकू राहू द्या. त्याला त्रास होतो."

"कसला त्रास गं?" त्यांनी रागानं न्हाय, साधंच विचारलं. तेवढ्यात मागून शेजारीण हसली, "मास्तरीणबाई आता बेडकाची बी शाळा घेणार का?" सगळी गल्ली खिदळली. मुसळ धरलेला माणूस तेवढा हसला न्हाय. "रान जळायलंय, आन् तुमाला बेडकाची पडलीय व्हय?" तो म्हणाला.

काय सांगणार होते मी? वर्गात घडाघडा बोलणारी मी, डोक्यात सगळी नावं रांगेनं उभी होती. सोप्या बोलीत सांगायचं तर दोन वाक्यांचं काम होतं. मी भ्याले, दुसरं काही न्हाय. बोटं हळदीत बुडवली, मग कुंकवात, आणि त्या जीवाच्या पाठीवरून फिरवली. त्याच्या डोळ्यावर निमेषक पटल सरकलं, अगदी मी शिकवलं होतं तसंच.

ती पोरगी ओट्याला टेकून उभी होती. ती बेडकाकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

संध्याकाळी सोडला तेव्हा बेडूक मेलेला होता. सुतळी करकचून आवळलेली होती, ऊन रणरणतं होतं, शिवाय प्रत्येक दारात कुणी ना कुणी हळद लावलीच होती. ही वकिली मी स्वतःपुढं लई वेळा केली. पण शब्द दिला होता मी, शेजारणीनं न्हाय. माझी मलाच लाज वाटत होती.

पाऊस पडला का, हे मला विचारू नका. आठवड्यानं पडला, आणि सासूबाई म्हणाल्या, "बघ, पावली का न्हाय धोंडी?" तिथंही मी मान डोलावली.

वर्गात पोरगी नेहमीसारखी वही उघडून बसायची. भांडली असती, चारचौघींत विचारलं असतं, तर बरं झालं असतं. पुढं चाचणी झाली. त्वचीय श्वसन म्हणजे काय, हा प्रश्न मीच घातला होता. तिनं उत्तर अगदी बिनचूक लिहिलं, आकृती काढली, नावं शुद्ध लिहिली. खाली एक ओळ होती: "मॅडम, हे फक्त पेपरात लिहायचं असतं ना?"

मी लाल पेन उचललं. पैकीच्या पैकी गुण दिले आणि पुढचा पेपर ओढला.